पायथ्याचं गाव

कुठल्याही हिमालयन ट्रेकची आयटिनररी उघडून बघा. पहिला दिवस नेहमी एका ओळीत उरकलेला असतो. 'दिवस पहिला : ऋषिकेश ते जोशीमठ, २५० किमी, १० तास. मुक्काम.' बस्स. दुसऱ्या दिवसापासून विशेषणांचा पाऊस सुरू होतो. घनदाट जंगल, अथांग बुग्याल, अविस्मरणीय सूर्योदय वगैरे वगैरे. पहिल्या दिवसाच्या वाट्याला एकही विशेषण येत नाही. त्या गावात आपण रात्री पोचायचं, राजमा-चावल खायचे, मोबाईल चार्ज करायचा आणि पहाटे जीपच्या टपावर सॅका बांधून निघायचं. गाव म्हणजे लॉगिन पेज. खरं अॅप्लिकेशन पुढे आहे.

आज त्या एका ओळीबद्दल लिहायचंय.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे लगेच कळेल. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्याला एक पायथ्याचं गाव असतं. हरिश्चंद्रगडाला पाचनई किंवा खिरेश्वर, रतनगडाला रतनवाडी, कळसूबाईला बारी. एसटी तिथपर्यंत जाते, पुढची वाट तिथेच विचारायची, उतरून आल्यावर पिठलं-भाकरी तिथेच मिळते. आपण घरी येऊन सांगतो मात्र "हरिश्चंद्रगड केला." पाचनई कोणी 'करत' नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही तिघांनी क्वारी पासचा ट्रेक ठरवला. तिघं म्हणजे मी, माझा रूममेट आणि आमच्या टीममधला टेस्टर. टेस्टरला सोबत घेण्याचा फायदा असा की 'समजा असं झालं तर?' हा प्रश्न विचारायला एक हक्काचा माणूस मिळतो. त्याने त्याच्या स्वभावाला अनुसरून एक अट घातली. ट्रेकच्या आधी एक अख्खा दिवस आणि ट्रेकनंतर एक अख्खा दिवस जोशीमठमध्ये थांबायचं. आधीचा दिवस उंचीची सवय व्हावी म्हणून, नंतरचा दरड कोसळून रस्ता बंद झाला तर हाताशी असावा म्हणून. रजा मोजून मिळालेल्या माणसाला असे दोन दिवस 'वाया' घालवायचे म्हणजे जिवावर येतं. पण बहुमताने ठराव पास झाला.

ऋषिकेशहून पहाटे पाचची बस. पहिल्या तासातच कळतं की या रस्त्यावर अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, वळणांत मोजायचं असतं. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात, तिथून पुढे खालच्या पाण्याला गंगा म्हणायचं नाही, अलकनंदा म्हणायचं. मग रुद्रप्रयाग. हे नाव वाचलं की मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्याला मंदाकिनी वगैरे काही आठवत नाही, थेट जिम कॉर्बेट आणि १९२६ मध्ये त्याने मारलेला नरभक्षक बिबट्या आठवतो. मग कर्णप्रयाग, मग नंदप्रयाग. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पलीकडे, खाली नदीत. अलकनंदा आणि धौलीगंगा तिथे भेटतात आणि त्या दोघींच्या वरच्या उतारावर हे गाव बसलंय. 'उतारावर बसलंय' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. त्यामुळे गावाची पहिली ओळख म्हणजे डोंगरभर विखुरलेले दिवे. टेस्टर म्हणाला, "अरे, हे तर केवढं मोठं आहे!" खरंच मोठं आहे. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती साडेसोळा हजारांच्या वर होती. वर लष्कराची छावणी, खाली बाजार, त्याखाली वाड्या आणि शेतं, आणि अगदी तळाशी नदी.

सकाळी उठून पहिला हिशोब केला तो उंचीचा. जोशीमठ साधारण १८७५ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे इथला बाजारातला चहावाला महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा सव्वादोनशे मीटर वर गाडी लावून रोज चहा विकतो! आणि त्याच्या समोर जे डोंगर उभे आहेत ते त्याच्याहून कितीतरी उंच. हत्ती पर्वत, त्याला लागून घोडी पर्वत, शिवाय एक झोपलेल्या बाईच्या आकाराचा डोंगर, जो एकदा दिसला की मग दुसरं काही दिसतच नाही.

आमचे गाईड सकाळी लॉजवर आले. चाळिशी ओलांडलेले, बारीक, चालताना अजिबात आवाज न करणारे. गढवालीत मोठ्या भावाला भैजी म्हणतात. आम्हीही दुसऱ्या वाक्यापासून भैजीच म्हणायला लागलो आणि ते आम्हाला 'भुला' म्हणायला लागले, म्हणजे धाकटा भाऊ. पुण्यात इतक्या लवकर नातं जुळत नाही, पत्ता विचारला तरी आधी वरपासून खालपर्यंत बघतात. :-)

भैजींनी तो दिवस आम्हाला फुकट घालवू दिला नाही. "आज खूप चाला, पण हळू चाला. वर चढा आणि झोपायला खाली या," असं त्यांचं साधं सूत्र. यामागचं विज्ञान सोपं आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच, जवळजवळ एकवीस टक्के. पण वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी. क्वारी पास साडेबारा हजार फुटांच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. शरीर हा फरक भरून काढतं, आधी श्वासाचा वेग वाढवून, मग हळूहळू रक्तात बदल करून. पण त्याला वेळ लागतो. हार्डवेअर अपग्रेड एका रात्रीत होत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, हा सर्वमान्य नियम. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही. थांबूनही वाढतंय, तर खाली यायचं. त्यात मर्दानगी वगैरे काही नसते. म्हणूनच पायथ्याचं गाव लागतं. जिथे शरीर थांबू शकेल, औषधाचं दुकान असेल, दवाखाना असेल आणि गाडीने खाली नेता येईल.

त्या दिवशी बाजार पालथा घातला. भाड्याने मिळणारी जाकिटं, काठ्या, गेटर्स, लोकरीच्या टोप्या. ज्या गोष्टी आम्ही पुण्यात महिनाभर ऑनलाइन शोधून दुप्पट भावाने घेतल्या होत्या त्या इथे टांगलेल्या. जेवायला मंडुव्याची रोटी आणि गहतची डाळ. पहिला घास घेतला आणि रूममेट ओरडलाच, "अरे ही नाचणी आहे!" मंडुवा म्हणजे नाचणी. आणि गहत म्हणजे आपले कुळीथ. दोन हजार किलोमीटर आणि छत्तीस तास प्रवास करून आम्ही नाचणीची भाकरी आणि कुळथाचं कढण खात बसलो होतो. रूममेट राजापूरचा. त्याच्या चेहऱ्यावर एकदम 'घरी फोन लावू का?' असे भाव.

दुपारी नृसिंह मंदिरात गेलो. हिवाळ्यात बद्रीनाथचं मंदिर बंद झालं की शंकराचार्यांची गादी इथे येते. आद्य शंकराचार्यांनी स्थापलेल्या चार पीठांपैकी ज्योतिर्मठ तो हाच, असं परंपरा सांगते. त्यावरून गावाचं नाव पडलं. २०२४ मध्ये सरकारने तहसिलीचं नाव अधिकृतपणे ज्योतिर्मठ केलं, पण बाजारात मला तरी सगळे जोशीमठच म्हणताना भेटले.

देवळातली एक दंतकथा भैजींनी सांगितली. नृसिंहाच्या मूर्तीचा एक हात दिवसेंदिवस बारीक होत चाललाय. ज्या दिवशी तो गळून पडेल, त्या दिवशी बद्रीनाथच्या वाटेवरचे दोन डोंगर एकत्र येतील आणि वाट कायमची बंद होईल. मग देवाची पूजा भविष्य बद्री इथे होईल. ते देऊळही आधीच बांधून तयार आहे, तपोवनच्या बाजूला. टेस्टर कौतुकाने म्हणाला, "याला म्हणतात डिझास्टर रिकव्हरी साइट." आम्ही हसलो. भैजीही हसले. मग म्हणाले, "देवाची सोय आहे. आमची नाही."

दुसऱ्या दिवशी जीपने ढाक गावापर्यंत आणि तिथून चालायला सुरुवात. ट्रेकचं वर्णन थोडक्यात करतो, कारण ते तुम्हाला कुठेही मिळेल. पहिला मुक्काम गुलिंग, दुसरा खुल्लारा. मध्ये ओक आणि बुरांसचं जंगल. पायाखाली ओकच्या पानांचा थर इतका जाड की गादीवरून चालल्यासारखं वाटतं. खुल्लाऱ्याला रात्री तंबूच्या आतल्या बाजूला बर्फाची साय धरली होती. पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं हे शहाणपण रूममेटला पटलं नाही, सकाळी त्याच्या बाटलीत बर्फ खुळखुळत होता.

तिसऱ्या दिवशी खिंडीच्या चढावर डोंगर एकेक करून वर यायला लागले. चौखंबा, नीलकंठ, कामेट, द्रोणागिरी. आणि नंदादेवी. ७८१६ मीटर. फोटोत ती नेहमी टोकदार दिसते, समोर मात्र दिसतं ते तिचं बसणं. आजूबाजूला एवढे डोंगर, आणि त्यांच्या मागे ही शांत बसलेली.

तिच्याभोवती शिखरांचा कोट आहे. आत जायला एकच फट, ऋषिगंगेची घळ. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज आणि आंगथारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा याच जोशीमठहून निघून त्या घळीतून पहिल्यांदा आत पोचले. दोन वर्षांनी टिलमन आणि नोएल ओडेल शिखरावर गेले. त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, कामेट चढून उतरणाऱ्या फ्रँक स्माइथच्या तुकडीला भ्यूंदर खोऱ्यात फुलंच फुलं दिसली, आणि त्याचं पुढे 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' झालं. सगळ्या वाटा फिरून फिरून या एका गावात येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

खिंडीच्या थोडं खाली वाऱ्याच्या आडोशाला आम्ही पराठे खात बसलो होतो. समोर धौलीगंगेचं खोरं उलगडलेलं. भैजींनी बोटाने दाखवलं. "ते तिकडे, त्या वळणामागे रैणी." 

रैणी हे नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेलं. मार्च १९७४ मध्ये गौरा देवी आणि गावातल्या बायका झाडं तोडायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांसमोर उभ्या राहिल्या, झाडं वाचली आणि चिपको आंदोलन जगाला कळलं. आणि त्याच रैणीवर ७ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी ऋषिगंगेतून चिखल-दगडांचा लोंढा आला. वर रोंटी शिखराचा एक अख्खा कडा बर्फासकट तुटून खाली कोसळला होता. सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर दगड आणि बर्फ. पावसाळा नव्हता, ढग नव्हते, रविवारची स्वच्छ सकाळ होती. ऋषिगंगेवरचा वीजप्रकल्प वाहून गेला, खाली तपोवनच्या बोगद्यात काम करणारी माणसं अडकली. दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. भैजी त्या दिवशी गावातच होते. आधी आवाज आला, मग धूळ दिसली, एवढंच म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.

त्या रात्री तालीच्या मुक्कामावर शेकोटीपाशी मात्र ते आपणहून बोलले. त्यांच्या घराबद्दल.

जोशीमठची गोष्ट तुम्हाला बातम्यांतून आठवत असेल. जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात गावातल्या घरांचे तडे एकदम रुंद व्हायला लागले. गावाच्या खालच्या अंगाला जमिनीतून गढूळ पाणी फुटून वाहायला लागलं. एकमेकांवर रेललेली दोन हॉटेलं पाडावी लागली. इस्रोच्या उपग्रहांनी मोजलं, तर २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली होती. आठशेहून जास्त इमारतींना तडे गेल्याची सरकारी नोंद झाली. ज्या घरांत राहणं धोक्याचं, त्यांच्या भिंतीवर लाल फुली मारली गेली. भैजींच्या घरावर ती फुली होती.

मला तोवर वाटत होतं की हे अचानक झालं. तसं नाही. १९७६ मध्ये गढवालचे तेव्हाचे आयुक्त मिश्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिने तेव्हाच लिहून ठेवलंय की जोशीमठ खडकावर वसलेलं नाही, ते एका जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलंय. माती, वाळू आणि मोठाले धोंडे. त्यामुळे जड बांधकामं नकोत, उतारावरचे धोंडे खणून किंवा सुरुंगाने काढू नका, झाडं तोडू नका, सांडपाणी जमिनीत मुरू देऊ नका, नदी पायथा कुरतडते तो भाग बांधून काढा. एवढी स्पष्ट सूचना! सॉफ्टवेअरमध्ये आपण याला 'नोन इश्यू' म्हणतो. रिलीज नोट्समध्ये लिहिलेला, सगळ्यांनी वाचलेला, आणि 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' म्हणून ४७ वर्षं पुढे ढकललेला. मधल्या काळात मजले चढत गेले, शोषखड्डे वाढत गेले. जवळच्या जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा किती कारणीभूत, यावर गावकरी आणि प्रकल्पवाले यांचा वाद आहे. त्यात मी पडत नाही. पण ढिगाऱ्यावर पाणी मुरलं तर काय होतं हे कळायला सिव्हिलची डिग्री लागत नाही.

भैजी सांगत होते. सहा महिने नातेवाइकांकडे, मग भाड्याची खोली. आई रोज सकाळी उठून जुन्या घरी जाते, कारण गाय तिथेच आहे. भाड्याच्या खोलीत गाय कशी नेणार? घराची भरपाई होते, कागदावर किंमत लिहिता येते. उताराच्या त्या तुकड्यावरच्या राजम्याची, अक्रोडाच्या झाडाची किंमत कशी लिहायची? आणि मोठा प्रश्न तो नव्हताच. मोठा प्रश्न होता मुलाचा. मुलगा बारावीत. उन्हाळ्यात वडिलांबरोबर खेचरं हाकायचा, वाटा सगळ्या पाठ. 

"भुला, तुम लोग कंप्यूटरवाले हो. सच बताओ. इसको पहाड में रखूँ कि नीचे भेजूँ?"

मला अजून आठवतं, शेकोटीभोवती आम्ही तिघंही गप्प. ऑफिसात रोज दहा जणांना सल्ले देणारी माणसं आम्ही. टेस्टरनेच आधी तोंड उघडलं. त्याने उलट प्रश्न विचारले. मुलाला स्वतःला काय आवडतं? गणित कसं आहे? फी किती झेपेल? मी सांगितलं की कॉम्प्युटर शिकला म्हणजे लगेच नोकरी, हे दिवस गेले. आमच्याकडेही माणसं कमी करतायत. उत्तरकाशीला नेहरू पर्वतारोहण संस्था आहे, १९६५ पासूनची, तिथला बेसिक कोर्स त्याने केला तर गाईड म्हणूनही त्याचा दर वाढेल. दोन्ही केलं तर उत्तम. रूममेट म्हणाला, "भैजी, मी राजापूर सोडलं तेव्हा बाबांनी मला काहीच विचारलं नव्हतं. तुम्ही त्याला विचारताय, हेच खूप आहे." भैजींनी लाकडं पुढे सारली आणि म्हणाले, "चलो, सो जाओ, सुबह जल्दी निकलना है."

दुसऱ्या दिवशी गोरसों बुग्यालवरून औलीला उतरलो. औली ते जोशीमठ जो सुमारे चार किलोमीटरचा रोपवे होता, तो जानेवारी २०२३ मध्ये बंद केला होता आणि आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. औलीतून खाली बघितलं की जोशीमठ पहिल्यांदा एका नजरेत दिसतं. इतके दिवस त्या गावात आत बसलेलो, त्यामुळे दिसलं नव्हतं. वरून बघताना एकदम कळलं की ते उतरणीला टेकवलेलं आहे. जसं आपण एखादी वस्तू 'तात्पुरती' कपाटावर ठेवतो आणि ती वर्षानुवर्षं तिथेच राहते.

आणि मला इर्शाळवाडी आठवली.

२०१७ च्या पावसाळ्यात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, आम्ही इर्शाळगड केला होता. खालापूर तालुक्यात, चौक गावाजवळ. वाटेत इर्शाळवाडी लागते. ठाकरांची वस्ती. तिथे एका पडवीत बसून आम्ही कोरा चहा प्यायलो, ओले मोजे पिळले, एका आजींनी भाजलेलं कणीस दिलं. दहा-बारा पोरं होतो, नुसता दंगा. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात वरचा डोंगर त्या वाडीवर आला. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि काही दिवसांनी शोधकार्य थांबवलं. ती पडवी कुठली होती, त्या आजी त्या रात्री कुठे होत्या, मला माहीत नाही. माझ्याकडे त्या ट्रेकचे ८४ फोटो आहेत. सुळका आहे, नेढं आहे, आमची थोबाडं आहेत. वाडीचा एकही नाही.

जोशीमठ जानेवारीत, इर्शाळवाडी जुलैत. एकाच वर्षी. एक हळूहळू, एक एका रात्रीत. डोंगराच्या पायथ्याशी राहण्याचा धोका तिथली माणसं घेतात, आणि डोंगराची मजा आम्ही घेतो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण त्यातून करायचं काय?

ट्रेकहून परतताना बसमध्ये आमचा यावर कडाक्याचा वाद झाला. टेस्टरचं म्हणणं, जाऊच नये. आपण गेलो की हॉटेलं लागतात, हॉटेलं लागली की मजले चढतात, मजले चढले की पाणी मुरतं. आपण म्हणजेच लोड. रूममेटचं म्हणणं नेमकं उलट. लोक यायचे थांबले तर भैजींना खेचरं विकावी लागतील, आणि मग मुलाला खाली पाठवायचं की नाही हा प्रश्नही उरणार नाही, सगळंच घर खाली जाईल. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर अडचण.

मला जे पटलं ते असं. 'जावं की नाही' यापेक्षा 'कसं जावं' हा प्रश्न माझ्या हातातला आहे. दिल्ली-पुण्यातून सगळं पॅकेज बुक करून गेलं की गावात चहापुरते पैसे उरतात आणि कचरा मात्र पूर्ण राहतो. त्याऐवजी गावातलाच गाईड, गावातलीच खेचरं, गावातलंच किराणा सामान. नवं चकाचक चार मजली हॉटेल शोधण्यापेक्षा जुन्या घरातली एखादी खोली, आणि बादलीभर पाण्यात आंघोळ. कारण त्या गावात तुम्ही सांडलेलं पाणी कुठे जातं, ते आता तुम्हाला माहीत आहे. चार धाम यात्रेच्या ऐन गर्दीत, मे-जूनमध्ये, जायचं टाळायचं. प्लॅस्टिक आपल्या सॅकेतून ऋषिकेशपर्यंत परत आणायचं. आणि दोन दिवस तिथे नुसतं राहायचं. टेस्टरची ती अट मला आता नियम वाटते. त्या दोन दिवसांशिवाय मला नाचणी कळली नसती, नृसिंहाचा हात कळला नसता, लाल फुली कळली नसती. मी फक्त "क्वारी पास केला" असं सांगत फिरलो असतो.

याने उतार खचायचा थांबणार नाही. त्यासाठी नाले बांधावे लागतात, सांडपाण्याची व्यवस्था लागते, नदीकाठची भिंत लागते, आणि १९७६ चा कागद कोणीतरी मनावर घ्यावा लागतो. मी नाचणी खाल्ल्याने ते होत नाही, एवढं मला कळतं.

भैजींचा मुलगा २०२५ च्या जुलैत देहरादूनला बीसीएला गेला. निर्णय त्यांच्या घराचा. कधीतरी रात्री त्याचा फोन येतो. गेल्या महिन्यात पॉइंटर्सवर अडला होता. मी त्याला सांगितलं, पॉइंटर म्हणजे घर नव्हे, घराचा पत्ता. घर हललं तरी कागदावरचा पत्ता तोच राहतो आणि तिथेच घोळ होतो. तो क्षणभर गप्प बसला, आणि मग म्हणाला, "समझ गया भैजी." मुलगा हुशार आहे. ऑक्टोबरात कॉलेजला सुट्टी टाकून वडिलांबरोबर सीझनला जाणार म्हणतोय, उत्तरकाशीच्या कोर्ससाठी पैसेही साठवतोय.

पुढच्या वेळी आम्हाला नीतीच्या खोऱ्यात जायचंय. आयटिनररी मीच लिहितोय. पहिल्या दिवसासमोर जोशीमठ लिहिलंय. दुसऱ्या दिवसासमोरही.